मतांगीकार आणि रमाबाईंचा प्रश्न



काश्मिरी गेटचे सेंट जेम्स चर्च, गोल डाकखान्याजवळचे सेक्रेड हार्ट कॅथीड्रल, हौज खासचे ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल. दिल्लीतली ही तीन देवळे तीन वेगळ्या परंपरांची आहेत. त्यांच्या उपासनेत मात्र एक गोष्ट समान आहे. सगळे जण मिळून आपण काय मानतो ते मोठ्याने सांगतात. मराठी ख्रिस्ती माणूस याला मतांगीकार म्हणतो. निकेयाच्या मतांगीकाराला २०२५ साली १७०० वर्षे झाली. त्या निमित्ताने मी या विषयाकडे वळलो आणि वाचता वाचता पोहोचलो पंडिता रमाबाईंपाशी. म्हणून आज बोलायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी. पण आधी थोडा इतिहास सांगतो.

मतांगीकाराचे मूळ बाप्तिस्म्यात आहे. रोममध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात उभे करून तीन प्रश्न विचारत. पित्यावर तुझा विश्वास आहे का? पुत्रावर? पवित्र आत्म्यावर? प्रत्येक होकारानंतर त्याला पाण्यात बुडवत. या प्रश्नोत्तरांतूनच पुढे सलग मजकूर तयार झाला. बारा प्रेषितांनी त्यातले एकेक वाक्य रचले, अशी कथा पूर्वी रूढ होती, आणि त्यावरूनच त्याला प्रेषितांचा मतांगीकार हे नाव मिळाले. ती कथा खरी नाही. आज म्हणतात तो पाठ आठव्या शतकाच्या सुमारास स्थिरावला. त्यात येशू आणि मरिया यांच्याखेरीज आणखी एकाच माणसाचे नाव येते, ते म्हणजे पंतय पिलात या रोमी सुभेदाराचे. ज्याने मरणाची शिक्षा दिली त्याचे नाव विश्वासाच्या कबुलीत कशासाठी? कारण ही कहाणी पुराणकाळातली नसून एका ठरावीक राजवटीत, ठरावीक प्रांतात घडली, हे त्या लोकांना ठासून सांगायचे होते.

निकेयाची गोष्ट वेगळी आहे. आलेक्सांद्रियात आरियस नावाचा धर्मोपदेशक शिकवू लागला की पुत्र श्रेष्ठ खरा, पण तो पित्याने निर्माण केलेला, म्हणजे एके काळी तो नव्हता. वाद इतका पेटला की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकेयात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांची परिषद बोलावली. परिषदेने निर्णय दिला की पुत्र निर्माण केलेला नाही, पिता आणि पुत्र यांचे तत्त्व एकच आहे. जीव आणि ब्रह्म एक की भिन्न, यावर शंकराचार्यांपासून मध्वाचार्यांपर्यंत झालेली चर्चा ज्यांनी वाचली आहे, त्यांना या वादातला ताण वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तिथे निर्णयामागे सम्राट उभा होता. आरियसला हद्दपार केले गेले. विश्वासाच्या वाक्यामागे राजसत्ता उभी राहिली, आणि तिचे परिणाम ख्रिस्ती जगाने पुढे फार काळ भोगले. ३८१ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने मजकूर वाढवला. पुढे पश्चिमेकडच्या चर्चने त्यात पवित्र आत्मा पित्याबरोबरच ‘पुत्रापासूनही’ येतो असे जोडले, पूर्वेकडच्या चर्चने ते कधीच मान्य केले नाही. गोल डाकखाना आणि हौज खास यांच्या पाठांत हे अंतर आजही आहे.

तिसरा मतांगीकार आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस याच्या नावावर चालतो, पण तो त्याचा नाही. तो लॅटिनमध्ये, त्याच्यानंतर बऱ्याच काळाने रचला गेला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यात काटेकोरपणे मांडला आहे आणि जो तो मानणार नाही त्याचा सर्वनाश होईल, असे स्पष्ट बजावले आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये नाताळ, ईस्टर अशा ठरावीक सणांना तो म्हणण्याचा नियम होता.

आणि इथे रमाबाई येतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनातल्या शंका दूर करण्यात नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता. वाँटेजच्या मठवासिनींना वाटले, आता ही विदुषी आपल्या चर्चची झाली. पण पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचून मी थक्क झालो. देव मान्य, ख्रिस्ताची शिकवण मान्य. पण त्रैक्य ज्या रीतीने मांडले जाते ते मला पटलेले नाही, आणि अथनेशियसच्या मतांगीकाराला तर मी बांधलेली नाही, असे त्या सांगतात. चर्च सांगते म्हणून नव्हे, ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी ताडून पाहिल्यावरच मी मान्य करीन, ही त्यांची अट. मठवासिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती भारतीय स्त्रीने का घालावीत, संस्कृत का नकोत, हेही त्या विचारतात. पंचविशीतली, परक्या देशात आश्रितासारखी राहणारी विधवा हे लिहिते आहे! पुराणे सांगत गावोगाव हिंडलेल्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. शब्दप्रामाण्य म्हणजे काय, हे तिला मठवासिनींपेक्षा अधिक ठाऊक होते.

याच मतांगीकारावरून दिल्लीतही असेच घडले. इंग्रज धर्मगुरू सी. एफ. अँड्र्यूज १९०४ साली सेंट स्टीफन्स कॉलेजात आले. तिथले सहकारी सुशीलकुमार रुद्र यांच्या मैत्रीत त्यांचे मन घडले. आपले हिंदू आणि मुसलमान स्नेही नाशाला पात्र आहेत, असे सांगणारी अथनेशियसची वाक्ये त्यांना तोंडाने म्हणवेनात. १९१४ साली त्यांनी धर्मगुरूपदाचे काम थांबवले. कारणे आणखीही होती. पण या वाक्यांचा काटा त्यांत होताच.

माझे मत सांगतो. रमाबाई आणि अँड्र्यूज हे दोघे मतांगीकाराचे विरोधक नव्हते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारलेल्या त्या जुन्या प्रश्नाशी ते प्रामाणिक राहिले. उत्तर स्वतःचे असेल तरच त्या प्रश्नाला अर्थ आहे. रमाबाईंच्या शंका पुढे मावळल्या, ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास दृढ झाला आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात त्यांचे अखेरचे आयुष्य गेले. पण तो विश्वास कुणी लादलेला नव्हता.

भारतीय चर्चनेही हे ओळखले, असे मला वाटते. १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले तेव्हा प्रेषितांचा आणि निकेयाचा मतांगीकार स्वीकारण्यात आला. मात्र त्यातल्या प्रत्येक शब्दाला प्रत्येक व्यक्तीने संमती द्यावी, असा आग्रह नाही, हेही नमूद केले गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. त्याचे मुख्यालय दिल्लीत पंडित पंत मार्गावर आहे. त्यानेही हेच दोन मतांगीकार घेतले. अथनेशियसचा घेतला नाही.

एक विनंती करतो आणि थांबतो. रमाबाईंचा हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनात महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. आपण मराठी माणसे रमाबाईंना समाजसुधारक म्हणून ओळखतो आणि त्यांच्या धर्मचिंतनाच्या पानापाशी आलो की मुकाट्याने पुढे सरकतो. हिंदू असाल, ख्रिस्ती असाल किंवा कुठलाच धर्म मानत नसाल, ती पत्रे एकदा मुळातून वाचा.