आपली इमारत आणि आग
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी तीर्थयात्रेचे वर्णन करते, कोणी पाककृती सांगते. चिटणीसबाईंनी मला दहा मिनिटे दिली तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा लोणच्याची असावी. परंतु मला आज काचेबद्दल आणि आगीबद्दल बोलायचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी सांगणार ते काही वर्तमानपत्रात वाचलेले आणि बरेचसे माझ्या धाकट्या दिरांकडून समजून घेतलेले आहे. भाऊजी पुण्यास इमारतींना काचा बसविण्याच्या कामावर आहेत. दिवाळीला आले की दोन दिवस त्यांच्याजवळ दुसरा विषयच नसतो.

विषय निघाला तो आपल्या सभागृहावरून. आपले सभागृह वरच्या मजल्यावर आहे. खाली दोन गाळे भाड्याने दिले आहेत. एकात साड्या, दुसऱ्यात गाद्या आणि फोम. वर सकाळी बालवाडी, दुपारी शिवणवर्ग, सणावारी हळदीकुंकू. जिना एकच, आणि तो त्या दोन गाळ्यांच्या मधून वर येतो. मागच्या बाजूला गच्चीवर उघडणारे एक दार आहे खरे, पण त्याला कुलूप आहे आणि पुढे मोठ्या भांड्यांचे कपाट. यंदा मंडळास चांगली देणगी मिळाली. तिच्यातून रस्त्याकडची भिंत काढून तेथे सबंध काच बसवावी आणि जिन्याच्या तोंडाशी काचेचे दार करावे, असा विचार चालू आहे. नकाशा मी पाहिला आहे. दिसायला सुंदर दिसेल यात शंका नाही. परंतु तो नकाशा पाहून भाऊजींनी मला एकच विचारले, “वहिनी, खालच्या फोमने पेट घेतला तर वरची मुले कुठून उतरतील?”

भंडाऱ्याची गोष्ट आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. ९ जानेवारी २०२१ ची पहाट, दोनच्या सुमारास, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्या दहांतील तीन भाजून गेली आणि सात धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण आग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा उभ्या राहतात. माणसे मारतो तो बहुतेक वेळा धूर. गादीतला फोम, प्लॅस्टिक, नायलॉनच्या साड्या जळल्या की निघणारा धूर काळा आणि विषारी असतो. तो जिन्यातून वर चढतो, जसा चुलीचा धूर धुराड्यातून चढतो. आपला जिना म्हणजे त्या दोन गाळ्यांचे धुराडेच आहे.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून अकरा रुग्ण गेले. मुंबईस कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, त्यात चौदाजण गेले. त्यांपैकी अकरा बायका होत्या. कित्येकजण जीव वाचविण्यासाठी प्रसाधनगृहात शिरले आणि तेथेच गुदमरले. बाहेर पडण्याची वाट ठाऊक नसली, किंवा ती सामानाने अडलेली असली, म्हणजे माणूस जे दार दिसेल त्यात शिरतो.

आता काचेविषयी. काच म्हणजे काच, असे मीही धरून चालले होते, आणि बाजारात आपल्याला तसेच सांगतात. भाऊजींनी समजावले ते असे. खिडकीची साधी काच एका बाजूने तापली की थोड्याच वेळात तडकते आणि तिचे सुऱ्यासारखे तुकडे पडतात. दुसरी टफन केलेली काच. ती सहाशे अंशांवर तापवून एकदम गार करतात, त्यामुळे ती मजबूत होते आणि फुटलीच तर तिचे बारीक खडे होतात, कोणाला कापत नाही. दुकानदार तिला ‘सेफ्टी ग्लास’ म्हणून विकतात, आणि धक्क्यापुरती ती सुरक्षित आहेही. पण आगीपुढे ती टिकत नाही. खडे होऊन खाली पडते आणि सारी चौकट मोकळी होते. आपल्या नकाशात लिहिलेली काच ती हीच.

तिसरी खरी अग्निरोधक काच. तिच्यातही प्रकार आहेत. काही नुसत्या ज्वाळा आणि धूर अडवितात, पण पलीकडची धग अलीकडे लागते. चांगल्या प्रकारात काचेच्या थरांमध्ये एक पारदर्शक लेप भरलेला असतो. आगीची धग लागली की तो फुगून पांढरा होतो, दुधावर साय धरावी तसा, आणि मग धूरही अडतो व धगही अडते. अशी काच किती वेळ टिकेल ते भट्टीत तपासून ठरविलेले असते: तीस मिनिटे, साठ मिनिटे, एकशेवीस मिनिटे. तिच्या कोपऱ्यात तसा शिक्का कोरलेला असतो. शिक्का नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नये. आणखी एक गोष्ट, जी भाऊजी फार तळमळीने सांगतात: काच एकटी काही करीत नाही. चौकट, पट्ट्या, फटीत भरायचा मसाला, बिजागऱ्या हे सारे तिच्याबरोबर तपासलेले असावे लागते. महागाची काच आणून साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसविली, तर चौकट आधी वितळते. असे काम केलेल्या इमारती त्यांनी पाहिल्या आहेत. तेथे पैसे मात्र पूर्ण घेतलेले असतात.

काचेने मढविलेल्या इमारतीचा दुसरा त्रास म्हणजे धूर आत कोंडतो. अंधेरीस १८ जुलै २०१४ रोजी अशाच एका उंच इमारतीला आग लागली. विझविण्यास वर गेलेले जवानच गच्चीवर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले, आणि एका जवानाने प्राण गमावले. आपले घर काही बावीस मजली नाही, पण उघडता न येणारी काच एका मजल्यावरही धूर कोंडणारच. शिवाय मुखेडच्या उन्हात काचेची भिंत म्हणजे चैत्रापासून पडदे लावणे आले, पडद्यामागे वातानुकूलन यंत्र आले आणि त्याच्यासाठी जुन्या वायरींवर नवा भार आला.

कायदा आहे की नाही, असे काहीजणींनी विचारले. आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यात इमारतीच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. ज्या इमारतींना तो लागू पडतो त्यांनी आगीची साधने नुसती बसवून भागत नाही. ती चालू आहेत असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचे असते. आपल्या इमारतीस त्यातले काय काय लागू पडते ते नगरपरिषदेत लेखी अर्ज करून विचारावे, तोंडी विचारू नये. तोंडी विचारले की “काही लागत नाही हो ताई” असे उत्तर मिळते. गाळे आपण भाड्याने दिले आहेत म्हणून खालची जबाबदारी भाडेकरूंची, असेही म्हणता येणार नाही. मालक आपले मंडळ आहे.

१९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. त्यानंतर आपल्या भागात माळवदाच्या घराकडे पाहण्याची नजरच बदलली. भिंत कशाची, तुळई कशी बसली, हे बायकाही विचारू लागल्या. दाराबद्दल तसे कोणी विचारीत नाही. शाळेत, मंगल कार्यालयात, दवाखान्यात गेल्यावर दुसरे दार कोठे आहे एवढे पाहून घेण्यास काय लागते?

देणगी देणाऱ्यांच्या मनात दर्शनी भाग देखणा व्हावा असे आहे, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांना दुखवावे असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या नावाची पाटी जिन्यापाशी लावता येईल. माझे म्हणणे इतकेच, की समोरची भिंत आहे तशी राहू द्यावी आणि त्या पैशातून मागच्या गच्चीवरून खाली उतरणारा लोखंडी जिना करावा, दोन बायका मुले कडेवर घेऊन उतरतील इतका रुंद. जिन्याच्या तोंडाशी सबंध काचेऐवजी पत्र्याचे अग्निरोधक दार करावे आणि त्यात डोळ्यांच्या उंचीवर वीतभर अग्निरोधक काच बसवावी. तेवढ्या काचेला फार पैसे पडत नाहीत, आणि दार उघडण्याआधी जिन्यात धूर आहे की नाही ते दिसते. धूर असला तर ते दार उघडायचे नाही, मागच्या वाटेने जायचे. ते दार आपोआप मिटणारे असावे. वारा यावा म्हणून त्याला वीट लावून ठेवण्याची सवय मात्र आपल्याला सोडावी लागेल, नाहीतर ते दार करून उपयोग नाही. मागचे दारही बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे. गर्दी दाराला रेटली तर आत उघडणारे दार उघडतच नाही.

कोणी म्हणेल, आजवर काही झाले नाही. भंडाऱ्यासही त्या रात्रीपर्यंत काही झालेले नव्हते.

जिन्यास वेळ लागेल. तोवर दोन गोष्टी बिनपैशाच्या आहेत. भांड्यांचे कपाट आज कार्यक्रम संपल्यावर हलवावे. चौघी जणी लागतील, मी एक आहे. आणि मागच्या दाराला कुलपाऐवजी आतून सहज निघणारी कडी लावावी. भाऊजींनी लिहून दिलेली दाराची मापे व जिन्याच्या खर्चाचा अंदाज मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत काचेच्या नकाशाबरोबर तोही कागद पुढे ठेवावा, अशी विनंती आहे.