पाड्याखालची जमीन
(सातिवलीच्या पाडा-बैठकीत केलेलं भाषण)



आम्ही घरी नळ मागायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या साहेबांनी जागेचा कागद मागितला. आम्ही घरपट्टीची पावती पुढं केली. ते म्हणाले, ही कराची पावती, मालकीची नाय. आई हंडा घेऊन परत गाळ्यांच्या मागं पाण्याला गेली. साहेब खोटं बोलले नव्हते. म्हणूनच जास्त लागलं.

3 जुलै 2009 ला महानगरपालिका झाली. जमिनीला शहराचा भाव आला, पाड्याला शहराचं पाणी नाय आलं. भाव आला तसे दलाल आले.

पावती मात्र फेकू नका. ज्यांचं घर किंवा प्लॉट वनजमिनीवर हाय, त्यांना वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. तिथं घरपट्टी, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र चालतं. म्हाताऱ्या माणसांचा जबाबसुद्धा चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. एकच पुरावा नको, दोन तरी जोडा. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत हुसकावता येत नाय. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, हे पुरुषांनी नीट ऐकावं.

ज्यांचा स्वतःचा सातबारा हाय, त्यांच्याकडं दलाल स्टँप पेपर घेऊन येतो. म्हणतो, नुसता अंगठा द्या, बाकी मी बघतो. माझ्या आजीनं असाच एकदा दिला होता. पेपरावर काय लिहिलं होतं ते आजपर्यंत कुणी वाचून दाखवलं नाय. महसूल कायद्याच्या कलम 36अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर सरकारी परवानगी लागते. 6 जुलै 1974 नंतर परवानगीशिवाय जमीन गेली असेल तर कलेक्टरकडं दाद मागता येते.

सगळ्यात अवघड ते मालकाच्या जमिनीवरचे पाडे. आपले बापजादे त्याच्या शेतात राबले, तिथंच कूड घालून राहिले. आता त्याचा नातू म्हणतो, गाळे बांधायचेत, उठा. 1948 च्या कुळ कायद्यात कलम 16 ते 18 बघा. कुळानं स्वतःच्या खर्चानं बांधलेल्या घरातून त्याला सहज काढता येत नाय, मालक ती जागा विकणार असेल तर पहिला हक्क कुळाचा. शेतमजुरालाही हे लागू हाय. पण तोंडी सांगून कुणी ऐकत नाय, कागद लागतो.

म्हणून येत्या रविवारी प्रत्येक घरानं जुन्या पावत्या, रेशनकार्डं घेऊन यावं. उंदरानं कुरतडलेली असली तरी चालतील. आज्यांना नक्की आणा, त्यांचे जबाब मी लिहून घेतो.