मुलाखत आणि खासगीपण
प्रसिद्ध व्यक्तीच्या कलेविषयी विचारण्याचा हक्क रसिकांना असला, तरी तिच्या संसाराविषयीचे उत्तर ती कोणाचे देणे लागत नाही. ‘सांगत्ये ऐका’ या १९७० मधील पुस्तकात अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या वैवाहिक जीवनाची कडू हकिकत आली, ती त्यांनी स्वतः सांगितली म्हणून. अरुण साधू यांनी तिचे शब्दांकन केले, म्हणजे तोंडी निवेदनाला लेखी रूप दिले. खासगीपण, म्हणजे स्वतःविषयी काय उघड करावे हे ठरवण्याची मुभा, हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केले आहे. नामपूरच्या बाजारात भेटलेल्या ओळखीच्या बाईला जो प्रश्न विचारताना जीभ अडखळते, तो ध्वनिक्षेपकासमोरच्या अभिनेत्रीलाही विचारू नये, आणि विचारलाच तर ‘यावर बोलणार नाही’ हे उत्तर पुरेसे सभ्य मानावे.