बंदीचा बोजा कोणावर?



पुस्तकावर बंदी आली की चर्चा होते ती लेखकाच्या स्वातंत्र्याची. ते स्वाभाविकच आहे. परंतु कराच्या बाबतीत अर्थशास्त्र जो प्रश्न विचारते, तो येथेही विचारला पाहिजे. कर आकारला जातो एकावर, आणि त्याचा बोजा अखेर पडतो भलत्याच माणसावर. बंदीचेही तसेच आहे. हुकूम पुस्तकाविरुद्ध निघतो. झळ वाचकाला लागते, आणि तीही सर्व वाचकांना सारखी लागत नाही.

अमेरिकेतील कादंबरीकर्त्या अँजी थॉमस यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९८८ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे झाला. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली त्यांची ‘द हेट यू गिव्ह’ ही पहिली कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका स्टार ही सोळा वर्षांची मुलगी राहते कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत आणि शिकते गोऱ्यांच्या खाजगी शाळेत. तिच्या बालमित्राची गाडी अडवून एक पोलीस त्या निःशस्त्र मुलाला तिच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो. साक्ष द्यावी की गप्प बसावे, हा त्या मुलीपुढचा पेच म्हणजे ही कादंबरी. कॅलिफोर्नियात ऑस्कर ग्रँट हा तरुण २००९ च्या पहिल्याच दिवशी पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्या घटनेने अस्वस्थ होऊन थॉमस यांनी विद्यार्थिदशेत एक कथा लिहिली होती. तिचीच पुढे कादंबरी झाली.

थॉमस आपल्या लहानपणाची एक हकिकत सांगत आल्या आहेत. सहा वर्षांच्या असताना त्यांनी उद्यानात गोळीबार पाहिला. दुसऱ्या दिवशी आईने त्यांना सार्वजनिक ग्रंथालयात नेले. जग याहून मोठे आहे, हे मुलीला दिसावे म्हणून. मात्र किशोरवयात त्याच पुस्तकांत त्यांना आपल्यासारखे कोणी भेटेना. आपली गोष्ट त्यांना सापडली ती हिप-हॉपच्या गाण्यांत.

ही एका मुलीचीच तक्रार नव्हती. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली मुलांची ५,२०६ पुस्तके तपासली होती. त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७ पुस्तकांत, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आढळले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्राने २०१३ ची सुमारे ३,२०० पुस्तके पाहिली. कृष्णवर्णीयांविषयीची भरली ९३. दोन्ही मोजण्यांची पद्धत एक नाही, तरी अर्धशतकाने चित्र किती थोडे बदलले, हे कळायला त्या पुरेशा आहेत. अशा पुस्तकांना गिऱ्हाईक नाही, असे बाजाराचे उत्तर असे. थॉमस यांच्या हस्तलिखितासाठी मात्र तेरा प्रकाशनसंस्थांत चढाओढ लागली! गिऱ्हाईक नव्हते असे नव्हे. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आणि पुस्तक बाजारात येताच ते शाळेतून काढण्याची मागणी सुरू झाली. टेक्सास राज्यातील केटी येथील शाळांच्या ग्रंथालयांतून २०१७ च्या अखेरीस ते काढले गेले. कारण सांगितले ते भाषेचे. एका विद्यार्थिनीने सह्यांची मोहीम काढली, आणि पुढे पालकांच्या परवानगीच्या अटीवर ते परत आले. हा प्रकार अपवाद राहिला नाही. ‘पेन अमेरिका’ या लेखकसंस्थेने २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांतून पुस्तके काढल्याच्या किंवा अडवून ठेवल्याच्या दहा हजारांहून अधिक नोंदी केल्या. तात्पुरत्या काढलेल्या पुस्तकांचाही त्यांत समावेश आहे. तो वगळला तरी प्रश्न लहान होत नाही.

न्यायालये काय म्हणतात? न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली. केवळ त्यातील विचार आवडत नाहीत म्हणून पुस्तक काढता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी म्हटले. परंतु नऊ जणांच्या न्यायपीठात या तत्त्वाला बहुमत लाभले नाही. टेक्सासमधीलच लॅनो परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या खटल्यात २०२५ साली संघीय अपील न्यायालयाने उलट कौल दिला. त्या निकालपत्रात एक युक्तिवाद असा आहे की, ग्रंथालयात पुस्तक न मिळाल्यास वाचकाने ते दुकानातून विकत घ्यावे अथवा मित्राकडून मागून आणावे.

सारा प्रश्न येथेच आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ग्रंथालयाची बंदी लागूच होत नाही. ज्या मुलीच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही आणि जिच्या मैत्रिणींच्या घरीही नाही, तिला मात्र दुसरे दारच नाही. म्हणजे वरवर सर्वांना सारखी दिसणारी बंदी प्रत्यक्षात गरिबाच्या वाचनावरची बंदी ठरते. आणि ज्यांच्या जीवनाचे चित्र त्या पुस्तकात आहे, त्यांच्याच हातून ते काढून घेतले जाते.

आपल्या मुलाने काय वाचावे हे पाहण्याचा पालकांचा हक्क कोणी नाकारीत नाही. तो हक्क शेजाऱ्याच्या मुलापर्यंत पोचत नाही, एवढेच. बंदीने पुस्तकाचा खप उलट वाढतो, असेही काही जण म्हणतात. गाजलेल्या लेखकाच्या बाबतीत ते कधी खरे ठरत असेल. नवख्या लेखकाला शाळांची आणि ग्रंथालयांची खरेदी हाच आधार असतो. तो तुटला की त्याचे दुसरे पुस्तक निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे, धास्तावलेला ग्रंथपाल पुढच्या वेळी तसले पुस्तक मागवतच नाही. त्या बंदीची नोंद कोणत्याच यादीत सापडत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. शंभर वर्षांनी, १९७२ साली, दलित पँथरने आपले नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि ग्रंथालयांना अनुदान मिळते ते जनतेच्या पैशातून. तेव्हा अनुदान किती, एवढेच विचारून भागणार नाही. त्या पैशातून कोणाच्या जीवनाची पुस्तके येतात, कोणाची येत नाहीत आणि आलेली कोणाच्या सांगण्यावरून हलवली जातात, हेही विचारले पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालय ही समाजाच्या मालकीची वस्तू आहे. तिचा हिशेब मागण्याचा पहिला अधिकार, पुस्तक विकत घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्या वाचकाचा आहे.