शीरखुर्म्याच्या नावात साखर नाही



आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरते. त्या दिवसांत शेजारच्या काकूंकडून आमच्या घरी शेंगापोळी आणि तिळगूळ येतो. ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा जातो. डबा रिकामा परत करायचा नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज. मध्यंतरी तो मोडायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. घरात दूध यायचं ते चहापुरतं. वाटीभर दूध समोर यायचं फक्त ईदच्या सकाळी. त्यात तुपावर परतलेल्या शेवया, भिजवून कापलेली खारीक, चारोळी, बदामाचे काप, वाटलेली खसखस. अम्मा म्हणायची, "पी ले बेटा, ताकद आती." ती शाळेत गेली नव्हती, पण खोटं बोलत नव्हती. दुधातून प्रथिनं आणि कॅल्शियम, बदाम-चारोळीतून प्रथिनं आणि चांगली स्निग्धता, खारकेतून तंतू आणि पोटॅशियम. वर्षभर जे परवडत नसे, ते त्या एका वाटीत असायचं.

काकूंच्या डब्याचंही तसंच. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. सालासकट तिळात १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, दुधात साधारण १२०. अर्थात तीळ कुणी शंभर ग्रॅम खात नाही, आणि त्यातलं सगळं अंगी लागतही नाही. पुरणपोळीत तर गव्हाच्या प्रथिनांतली उणीव हरभऱ्याची डाळ भरून काढते. तेव्हा आपले सणाचे गोड पदार्थ म्हणजे नुसते जिभेचे चोचले नव्हेत.

इथवर सगळं छान. पण काही वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. मी पडलो कवी, शब्दांत पळवाट शोधणारा. म्हटलं, शीरखुर्मा गोड कुठं आहे, तो तर सुका मेवा! त्या ईदला सात घरी सात वाट्या प्यालो. रात्री यंत्रावरचा आकडा पाहून मुलगी रडायला लागली. मग डोळे पुसून हिशेबाला बसली. आमच्या पातेल्यात वाटीमागे चार चमचे साखर पडत होती. सात चोक अठ्ठावीस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. ५ टक्क्यांखाली आली तर अधिक बरं. ५ टक्के म्हणजे साधारण सहा चमचे, आणि तेही धडधाकट माणसाला. बदाम कितीही मोलाचे असोत, अठ्ठावीस चमचे साखर ते पुसून टाकत नाहीत. गुळाचंही तेच. त्यात थोडं लोह असतं, पण बाकी बहुतेक साखरच.

त्याच ईदला आणखी एक झालं. काकूंचा मुलगा दारात आला. अदबीनं म्हणाला, "चाचा, या वर्षी राहू द्या. आईलाही शुगर निघालीय." डबा भरलेलाच परत आला होता. यंत्रावरच्या आकड्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

त्या रात्री झोप येईना. शब्द चघळत पडलो होतो. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसीतले. इतकी वर्षं शब्दांशी खेळलो, पण या नावात साखर नाहीच, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या ईदला साखरेचा डबा खाली काढलाच नाही. दूध आटवलं, शेवया निम्म्या केल्या, बदाम-चारोळी वाढवली, गोडीला फक्त खजूर. मात्र पुन्हा पळवाट नको. सुकलेल्या खजुरातही वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखर असते. म्हणून डॉक्टरांना विचारलं आणि वाटी बदलली. आता चटणीच्या वाटीत शीरखुर्मा घेतो, तोही एकाच घरी. बाकीच्या घरी गळाभेट आणि पाणी.

काकूंकडे डबा घेऊन मी स्वतः गेलो. साखर नाही, हेही सांगितलं. त्यांनी दोन चमचे चाखले आणि म्हणाल्या, "तुमच्या अम्मांच्या हातची चव नाही हो याला." खरंच होतं ते. मग आणखी एक चमचा घेतला आणि डबा ठेवून घेतला.

संक्रांतीला तो परत आला. आत तळहाताएवढ्या चार शेंगापोळ्या होत्या. गूळ बेताचा, दाण्याचं कूट भरपूर.