वैरणीची वेळ



जनावराला काय घालावं, हे माणदेशातल्या माणसाला शिकवायला नको. आपली अडचण असते ती वैरण मिळण्याची. मिळेल ती अंगी लागावी म्हणून आज मी वैरणीच्या वेळेविषयी बोलणार आहे. वेळ पाळायला पैसा पडत नाही.

2012-13 च्या आणि पुन्हा 2019 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती. हजारो जनावरं दावणीला. चाऱ्याची गाडी उशिरा आली की जनावरं कशी होतात, हे छावणीत राहिलेल्यांना ठाऊक आहे. दावं ओढतात, खुरानं माती उकरतात, शेजारच्याला शिंग मारतात. मग चारा पडला की दांडगी जनावरं वचावचा गिळतात आणि गरीब कालवड मागं सरते.

वेळ चुकली की पोटातही बिघडतं. गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. ते वैरण आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्या आम्लांवर गाय जगते. खाताना, रवंथ करताना आणि एरवीही मिळून दुभती गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते, त्या लाळेनं आम्ल ताब्यात राहतं. लग्नाहून उशिरा परतलेला मालक उपाशी गाईपुढं दोन वेळचं आंबोण एकदम ओततो, तेव्हा आम्ल भडकतं आणि लाळ पुरी पडत नाही. शेण पातळ होतं, दुधाची फॅट उतरते, गाय वैरणीला तोंड लावत नाही. चुकलेलं आंबोण भरून काढू नका. आधी कडबा टाका, मग नेहमीएवढंच आंबोण द्या.

वासराचं तर याहून नाजूक. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. पुढं वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं कोमट दूध, दोन वेळांत वाटून. वासराला वेळेची सवय लागली की दूध येणार म्हणताच पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध कोठीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात उतरतं. वेळ चुकून वासरू बिथरलेलं असलं तर पन्हळ नीट मिटत नाही. दूध कोठीपोटात पडून आंबतं, हगवण लागते आणि वाढ तिथंच खुंटते.

वेळ पाळल्यानं अर्धपोटी जनावराचं पोट भरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण आहे ती वैरण अंगी लागते. चैत्र-वैशाखात मोठा वाटा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या, कारण खाल्ल्यावर काही तास जनावराच्या अंगात उष्णता वाढते.

घरोघरी हे काम बहुतेक बायकाच करतात. टँकर, शाळेचे डबे, रोजगाराची घाई, सगळं सांभाळून. त्यामुळं पहाटे पाचचाच हट्ट नको. सहा जमत असतील तर सहा. मात्र बाजाराच्या दिवशीही सहा आणि म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या दिवशीही सहाच. त्या दिवशी दावणीपाशी मागं कोण थांबणार, ते आदल्या रात्रीच ठरवा.