घाट उतरणाऱ्या गाडीचा हिशेब

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी खंडाळा सोडून घाटांत शिरली, म्हणजे आंतील मंडळींच्या लक्षांत एक गोष्ट सहज येते. उतार तर चांगलाच मोठा. पण गाडी धांवत नाहीं. पाऊल जपून टाकणाऱ्या वृद्धाप्रमाणें ती हळूहळू उतरते. चढतांना श्रम आणि उतरतांना आराम, हा पायीं चालणाऱ्याचा अनुभव. इंजिन-चालकाचा अनुभव मात्र नेमका उलट. चढणीवर गाडी अडली, तर बहुधा खोळंब्यावर निभावतें. उतरणीवर ती आवरली नाहीं, तर प्राणांवर बेततें. असें कां व्हावें, याचें उत्तर ऊर्जेच्या हिशेबांत आहे.

१८६३ सालीं खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग सुमारें २५ किलोमीटरांत ५५८ मीटर उंची चढतो. कांहीं ठिकाणीं तर दर ३७ फुटांस १ फूट इतकी उभी चढण आहे. गाडी वर ओढतांना इंजिन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जें काम करतें, तें फुकट जात नाहीं. सावकाराच्या पेढीवर ठेव ठेवावी, तसें तें गाडीच्या उंचीच्या रूपानें शिल्लक राहतें. या ठेवीस शास्त्रज्ञ स्थितिज ऊर्जा म्हणतात. गाडी उतरूं लागली कीं ठेव मोडूं लागते, आणि तितकीच रक्कम वेगाच्या, म्हणजे गतिज ऊर्जेच्या खातीं जमा होते. दुसरें कोणतेंही बल आड आलें नाहीं, तर दोन्ही खात्यांची बेरीज कधींच बदलत नाहीं. यांत्रिक ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तो हाच.

गुरुत्वाकर्षण हा मोठा प्रामाणिक पेढीवाला आहे. गाडी कोणत्या वाटेनें आली, हें तो विचारीत नाहीं. किती उंची चढली अथवा उतरली, एवढेंच पाहतो. पूर्वीं बोरघाटांत एका ठिकाणीं गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोंकास जोडून, उलट दिशेनें न्यावी लागे. पुढें नवा मार्ग झाला आणि ती यातायात संपली. पण वरचें व खालचें ठिकाण तींच असल्यामुळें गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबांत एका पैचाही फरक पडला नाहीं. अशा बलास संरक्षी बल म्हणतात.

आतां या प्रामाणिकपणाचा परिणाम पाहावा. घर्षण मुळींच नसतें, तर घाटमाथ्यावरून नुसती सोडून दिलेली गाडी पायथ्याशीं ताशीं सुमारें ३७५ किलोमीटर वेगानें पोंचली असती; मग ती एका डब्याची असो वा वीस डब्यांची. घाटांतील वळणांवर असा वेग म्हणजे सर्वनाशच. तेव्हां ही ठेव मोडत असतांनाच ती कोठें तरी खर्चीं घालणें भाग आहे. हें काम घर्षण करतें.

घर्षणाचा स्वभाव मात्र अगदीं निराळा. तें पावलोपावलीं जकात घेतें. वाट लांबली कीं जकात वाढते. गाडी मागें फिरली, तरी घेतलेली जकात परत मिळत नाहीं. म्हणून तें असंरक्षी बल. पण ही ऊर्जा नाहींशी होते काय? ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात आणि तापतात. तीच तिची पावती. इंग्लंडांत जेम्स प्रेस्कॉट जूल यानें पडत्या वजनांच्या जोरावर पाण्यांत वल्हीं फिरवून पाणी किती तापतें, हें वर्षानुवर्षें मोजलें, आणि १८५० सालीं आपला प्रसिद्ध निबंध छापला. आजच्या मापानें, १ किलो वजन ४२७ मीटर खालीं आलें, तर त्या ऊर्जेनें १ किलो पाणी १ अंश सेल्सिअस तापतें. बोरघाट याहून उंच. ५०० टनांची गाडी तो उतरली, तर सुमारें ७६० युनिट ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यांत साधारण साडेआठ हजार लिटर गार पाणी उकळूं लागेल! नुसत्या ब्रेकवर विसंबलें, तर या उष्णतेचा बहुतेक भार त्या ठोकळ्यांवर व चाकांवर येतो. ते फार तापले, तर त्यांची पकड कमी होते, आणि नेमकी तेव्हांच गाडी हातची जाण्याची भीति असते.

१९२९ सालीं पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हां या जकातींतून बरीचशी सूट मिळाली. लोक ज्यांना ‘खेकडा’ म्हणत, त्या मालगाडीच्या विद्युत् इंजिनांची मोटार उतरणीवर जनित्राचें काम करी. चाकें मोटारीस फिरवीत, मोटार वीज उत्पन्न करी, आणि ती वरच्या तारेंत जाऊन चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडे. सगळी ऊर्जा अर्थातच परत येत नसे. तारा, मोटारी, रूळ आपापली जकात घेतच. आजच्या अनेक आधुनिक इंजिनांतही हीच सोय आहे.

आणि इतकें करूनही गाडी आवरली नाहीं तर? त्यासाठीं घाटांत मुख्य मार्गापासून फुटून चढणीवर जाणारे फांटे ठेवले आहेत. यांस कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरव्हीं त्या फांट्याकडेच लावलेला असतो; गाडी ताब्यांत आहे अशी खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरवितात. बेफाम गाडी फांट्यावर चढूं लागली कीं गुरुत्वाकर्षण तिचा वेग काढून घेतें आणि पुन्हां उंचीची ठेव म्हणून जमा करतें. ज्यानें वेग दिला, त्यानेंच तो परत घेतला!

परंतु येथें एक बारकावा आहे. जगांत केवळ संरक्षी बलेंच असतीं, तर फांट्यावर चढलेली गाडी क्षणभर थांबून तितक्याच वेगानें मागें आली असती, आणि झोंपाळ्यासारखी अखंड येरझारा घालीत राहिली असती. ती अखेर एका जागीं विसांवते, ती घर्षणामुळेंच. इंजिन, तेल, कोळसा व वीज यांचा खर्च वाढविणारें म्हणून ज्याला सारे दोष देतात, त्या घर्षणावांचून चाकाला रुळाची पकड मिळाली नसती आणि सुटलेल्या गाडीला विसांवाही मिळाला नसता. घाट उतरून गाडी कर्जतच्या फलाटावर शांतपणें उभी राहते, तेव्हां तिच्या उंचीची ठेव संपलेली असते. पण हिशेबांतला एक कणही हरवलेला नसतो. कांहीं भाग तारेंतून परत गेलेला असतो, आणि उरलेला चाकांच्या उबेंत व घाटाच्या वाऱ्यांत विखुरलेला असतो.